रबरी नळीचा घसारा

बारामती तालुक्यातील सांगवी हे निरेच्या काठचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरा डाव्या कालव्याने या पट्ट्याचे रूप पालटले. पुढे माळेगावच्या सहकारी साखर कारखान्याने उसाला हुकमी गिऱ्हाईक दिले. भाजीपाल्याला मात्र तसे घराजवळचे गिऱ्हाईक नाही. त्याची खरी बाजारपेठ पुणे ही होय, आणि पुणे शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. संध्याकाळी शेतात भरलेली वांगी, टोमॅटो वा कोथिंबीर पहाटेच्या आत गुलटेकडीच्या बाजार आवारात पोचली तरच तिला भाव. सकाळी आठ वाजता तोच माल निम्म्या किमतीचा होतो. हे अंतर कापण्याचे काम ज्या वाहनावर येऊन पडले आहे, ते म्हणजे पिकअप. टेल्कोने १९८८ साली टाटामोबाईल २०६ रस्त्यावर आणली, तिच्या मागोमाग २०७ आली, महिंद्रांच्या पिकअप गाड्या आल्या, आणि २००५ नंतर ‘छोटा हत्ती’ गल्लीबोळांत शिरला. ग्रामीण अर्थव्यवस्थेवर लिहिणारे कालव्यांविषयी आणि कारखान्यांविषयी भरभरून लिहितात; या गाड्यांची दखल क्वचितच घेतली जाते.

बारामतीहून पुण्याला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक पाटसवरून सोलापूर महामार्गाला मिळणारा, सपाटीचा. दुसरा मोरगाव, जेजुरी, सासवड असा, ज्याच्या शेवटी दिवे घाट लागतो. आषाढात ज्ञानेश्वर माऊलींची पालखी हा घाट चढते. भाजीची गाडी तो उतरते, तेही रात्री, पाठीवर पुरेपूर ओझे घेऊन. मालासह तीन टन वजनाची गाडी ताशी साठ किलोमीटर वेगात असता थांबवायची झाली, तर ब्रेकना जी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते, तिच्यात साधारण सव्वा लिटर पाणी थंड अवस्थेतून उकळीपर्यंत नेता येईल. हे एका थांबण्याचे झाले. घाटात वळणावळणावर हाच व्यवहार पुनःपुन्हा होतो. आणि हा सारा व्यवहार ज्या एका दुव्यावर अवलंबून असतो, तो दुवा म्हणजे वीतभर किंवा हातभर लांबीची, बोटाएवढ्या जाडीची रबराची नळी. गॅरेजमध्ये तिला ‘होज पाईप’ म्हणतात.

ही नळी मुळात हवीच कशाला, हे समजून घेतल्याशिवाय तिची उपेक्षा किती महागात पडू शकते हे ध्यानात येत नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला नियम शाळेत शिकविला जातो. ब्रेकच्या पायट्यावर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो पोलादी नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. परंतु चाके सांगाड्याला जखडलेली नसतात. ती खड्ड्यात खाली जातात, पाट्यांवर वर येतात, पुढची तर वळतातही. पोलादी नळी अशी हालत राहिली तर तुटेल. म्हणून शेवटच्या टप्प्यावर लवचीक नळी घालावी लागते. माल्कम लॉकहीड याने अमेरिकेत द्रवचलित ब्रेकचे पेटंट १९१७ मध्ये घेतले आणि १९२१ साली ड्यूसेनबर्गच्या मोटारीत ते चारही चाकांना बसविले गेले. तेव्हापासून आजपर्यंत या रचनेतील सर्वांत नाजूक जागा तीच राहिली आहे. जोराने ब्रेक दाबला असता या नळीच्या आत टायरमधील हवेच्या कितीतरी पट दाब असतो. आत रबराचे अस्तर, मध्ये धाग्यांची वीण, बाहेर पुन्हा रबराचे आवरण. दाब पेलते ती मधली वीण, आणि ती कोणालाच दिसत नाही.

बहुतेक जुन्या पिकअपला अशा तीन नळ्या असतात: पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि मागच्या आसावर सांगाड्यातून उतरणारी एक. काही शे रुपयांत एक मिळते. गाडीची किंमत लाखांत, टायरची जोडी हजारांत, आणि तरीही दहा-दहा, बारा-बारा वर्षे त्याच नळ्यांवर धावणाऱ्या गाड्या सर्रास आढळतात. हा निष्काळजीपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु जो माणूस दर महिन्याला हप्ता भरतो, डिझेलचा हिशेब पैशापैशाने ठेवतो, टायरची नक्षी गेली की अस्वस्थ होतो, तो माणूस निष्काळजी कसा म्हणावा? त्याच्या वर्तनाला कारण आहे, आणि ते कारण अर्थशास्त्राच्या कक्षेतले आहे.

टायर झिजतो तो दिसतो. ब्रेकचे लायनर झिजले की आवाज येतो, पायटा खाली जातो. झीज किलोमीटरांशी निगडित असली की मालक तिचा हिशेब ठेवू शकतो. रबराची नळी मात्र धावण्याने झिजत नाही तितकी वयाने म्हातारी होते. ऊन, इंजिनाची धग, धूळ, हवेतील ओझोन यांनी रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. गाडी महिनाभर उभी राहिली तरी हे थांबत नाही. हिशेबनिसाच्या भाषेत हा घसारा होय, आणि घसारा ही अशी गोष्ट आहे की जी वहीत लिहिली नाही तर अस्तित्वातच नसते. सहकारी संस्थांच्या ताळेबंदात तो सक्तीने लिहावा लागतो. एका गाडीच्या मालकाला ताळेबंद नसतो. हातात आलेले भाडे वजा डिझेल, वजा हप्ता, वजा चालकाचा पगार, म्हणजे नफा, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः त्या नफ्यात नळीच्या आयुष्याचा एक तुकडा रोज खर्च होत असतो.

आणखी एक गोष्ट. पूर्वी मोटेवर काम करणारा शेतकरी नाड्यावर आणि सोंदुरावर रोज हात फिरवीत असे. पीळ सैल झाला, एखादा पदर तुटला, की तो दोर तुटण्याची वाट न पाहता बदलला जाई. त्या शेतकऱ्याला प्रतिबंधक दुरुस्ती हा शब्द ठाऊक नव्हता. पण बैल धावेवर उतरताना कित्येकदा तो स्वतःच त्या नाड्यावर बसलेला असे. नाडा तुटला तर बैल त्याचे, मोट त्याची आणि हाडेही त्याचीच. निर्णय घेणारा आणि धोका सोसणारा एकच होता. पिकअपच्या बाबतीत ही जोडी फुटली आहे. मालक गावात असतो, गाडीत पगारी चालक असतो. समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला त्या नळीचे वय कळण्याचा मार्ग नाही. आणि भाजी उतरवून रिकाम्या झालेल्या त्याच गाडीच्या हौद्यात दुसऱ्या दिवशी खुरपणीला निघालेल्या दहा-पंधरा बायका उभ्या असतात. अशी वाहतूक नियमबाह्य आहे हे सर्वांना माहीत आहे. ती होते हेही सर्वांना माहीत आहे. रोजंदारी वाचविण्यासाठी मिळेल त्या गाडीत चढणाऱ्या त्या बायकांनी नळी बदलण्याचा निर्णय घेतलेला नसतो आणि पुढे ढकलण्याचाही नसतो. अर्थशास्त्र यालाच बाह्य परिणाम म्हणते: वाचलेले काही शे रुपये एकाच्या खिशात जातात आणि जोखीम वाटली जाते भलत्यांच्याच अंगावर.

मग गॅरेजवाल्याने सांगू नये काय? चांगले मिस्त्री सांगतातही. परंतु अडचण अशी की, सांगणारा आणि विकणारा एकच असतो. ‘नळ्या बदलाव्या लागतील’ असे म्हटले की मालकाला वाटते, गिऱ्हाईक कापण्याचा हा धंदा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हा पेच मांडला आणि २००१ मध्ये त्यांना त्या विषयातील कामासाठी नोबेल मिळाले: जेथे विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे खरे बोलणाऱ्यालाही खोट्याच्याच भावाने मोजले जाते. परिणामी शहाणा मिस्त्री गप्प बसायला शिकतो. सांगितले त्यापेक्षा अधिक काम केल्याचा आळ कशाला घ्या, असा त्याचा विचार असतो, आणि त्याला दोष देता येत नाही. नकली सुट्या भागांच्या बाजाराने या अविश्वासात भरच घातली आहे.

या अविश्वासावर एकच उतारा आहे, तो म्हणजे मालकाने स्वतः पाहणे. आणि सुदैवाने या कामाला पदवी लागत नाही. काळ्या मातीच्या रानातून आलेल्या गाडीच्या नळीवर चिखलाचा लेप वाळून बसलेला असतो, आणि तो भेगा झाकतो. तेव्हा प्रथम नळी पाण्याने धुवावी. डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची गॅरेजमधील जुनी सवय येथे घातक आहे. खनिज तेलाने ब्रेकमधील रबर फुगते आणि निकामी होते. धुतल्यावर नळी हलकेच वाकवून उजेडात पाहावी. वाकवल्यावर उघडणाऱ्या भेगा, टोकाच्या धातूच्या बांगडीपाशी ओल, कोठे घासल्याची चकाकी, यांपैकी काहीही आढळले तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही. मग एकाने पायटा जोराने दाबून धरावा आणि दुसऱ्याने प्रत्येक नळीवर नजर ठेवावी. कोठे फुगा आला तर आतली वीण तुटली आहे. पुढची चाके या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून नळी टायरला वा सांगाड्याला लागते काय, ताणली जाते काय, हेही पाहावे. या भागात जादा माल भरण्यासाठी मागे एखादा अधिक पाटा घालून गाडी उंच करण्याची रीत आहे. मागची नळी मात्र कंपनीने मूळ उंचीच्या हिशेबाने दिलेली असते. रिकामी गाडी खड्ड्यावरून उडाली की ती नळी तारेसारखी ताणली जाते. पाटा घालणारा लोहार ब्रेकचा विचार करीत नाही, तो त्याचा विषयच नव्हे.

एक बिघाड मात्र असा आहे की जो डोळ्यांना दिसत नाही. आतले अस्तर सुटून नळीचे भोक जवळजवळ बंद होते. पायटा दाबला की ऑइल जोराने पुढे जाते, पण पाय उचलल्यावर परत येत नाही. ते चाक ब्रेक धरून राहते. गाडी एका बाजूला ओढते, डिझेल जास्त खाते, एक चाक इतरांपेक्षा तापते. अशा वेळी लायनर बदलले जातात, व्हील सिलिंडर बदलला जातो, क्वचित मास्टर सिलिंडरवरही खर्च होतो, आणि दोष होता तसाच राहतो. काही हजार रुपये असे गेल्यावर अखेर कोणाच्या तरी ध्यानात येते की दोष होता तो त्या स्वस्त नळीत! ‘ब्रेक लागतो ना, मग झाले’ या समजुतीची ही किंमत होय. ब्रेक लागणे हे अर्धे काम. तो सुटणे हे उरलेले अर्धे.

बदलण्याचे कामही अवघड नाही, पण त्यात घाईला जागा नाही. पुढच्या नळ्या जोडीनेच बदलाव्यात; एक नवी आणि एक म्हातारी अशी जोडी गाडीला सरळ थांबू देत नाही. पोलादी नळीचा नट गंजलेला असतो. त्याला आदल्या दिवशी गंज सोडविणारे तेल द्यावे आणि नटाला सगळीकडून धरणारा पाना वापरावा. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात आणि मग काही शे रुपयांचे काम पोलादी नळीपर्यंत वाढते. डिस्क ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. तांब्याचा वॉशर दर वेळी नवाच हवा. तो काही रुपयांचा असतो आणि जुना वापरण्यात कसलीच बचत नाही. नळीला पीळ पडता कामा नये. तिच्यावर बहुधा एक रेघ किंवा अक्षरांची ओळ छापलेली असते, ती सरळ राहिली म्हणजे पीळ नाही असे समजावे. त्यानंतर ब्रेकमधील हवा काढणे आलेच, कारण ऑइल दाबले जात नाही पण हवा दाबली जाते आणि पायटा स्पंजासारखा होतो. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पायटा दाबून धरावा, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत आणि पाय उचलण्यापूर्वी निपल आवळावे. डबीतील ऑइल संपू देऊ नये. ऑइल बंद बाटलीतले, नवे हवे. ते हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात हा फरक कळतो. शेवटी इंजिन चालू ठेवून पायटा मिनिटभर जोराने दाबून धरावा, प्रत्येक सांधा पाहावा, आणि मगच मोकळ्या जागी हळू वेगात गाडी थांबवून पाहावी.

हे सारे एका दुपारचे काम आहे. त्याऐवजी रस्त्यात नळी फुटल्यावर जे केले जाते ते पाहण्यासारखे असते. त्या चाकाकडे जाणारी नळी मुडपून किंवा ठोकून बंद करायची, उरलेल्या चाकांच्या ब्रेकवर माल पोचवायचा, आणि ‘गाडी आणली बरं का’ असे अभिमानाने सांगायचे. माल वेळेवर पोचतो हे खरे. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण येथे अपुरी पडते. येथे झोपा केलाही जात नाही, दुसरा बैल आणून बांधला जातो. फार जुन्या जीपगाड्यांत तर सर्व चाकांचे ऑइल एकाच मंडलात असे, एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. नंतरच्या गाड्यांत दोन मंडले आली म्हणून निदान निम्मा ब्रेक उरतो. तीन टनांच्या गाडीला उतारावर निम्मा ब्रेक किती पुरतो, हे न विचारलेले बरे.

सरकारने यावर तपासणीची तजवीज केलेली आहे. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘पासिंग’, घ्यावे लागते. २०१८ मधील दुरुस्तीनुसार आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दर वर्षी करावे लागते. बारामतीला स्वतंत्र परिवहन कार्यालय आहे, गाड्यांचे क्रमांक एमएच-४२ ने सुरू होतात, म्हणजे पुण्याचे हेलपाटेही नाहीत. तथापि तपासणीच्या दिवशी ब्रेक किती जोराने लागतो हे मोजले जाते. नळी आणखी किती दिवस टिकेल हे मोजण्याचे यंत्र नाही. परीक्षेच्या दिवशी उत्तीर्ण होणे आणि वर्षभर अभ्यास असणे यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको. अपघातानंतरच्या नोंदीही याला फारशा मदत करीत नाहीत. देशात २०२२ या एका वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिलेले आहे. वेग अति होता की ब्रेक अपुरा होता, हा प्रश्न पंचनाम्यात क्वचितच खोलवर जातो. चक्काचूर झालेल्या गाडीची नळी कोण तपासतो?

म्हणून उपाय शोधायचा तो तपासनिसांची संख्या वाढविण्यात नव्हे, निर्णय आणि धोका यांची तुटलेली जोडी पुन्हा सांधण्यात. एस.टी.कडे ही व्यवस्था आहे: आगारात गाडी ठराविक अंतरानंतर तपासणीस घेतलीच जाते, चालकाची तक्रार असो वा नसो. एका गाडीच्या मालकाकडे आगार नाही. पण ज्या संस्था त्याला काम देतात त्यांच्याकडे करार आहेत. साखर कारखाने ऊस वाहतूकदारांशी हंगामापूर्वी करार करतात आणि उचलही देतात. दूध संघ संकलनाच्या गाड्या भाड्याने लावतात. या करारांत विम्याची आणि पासिंगची कागदपत्रे मागितली जातात, तेथेच ब्रेकच्या नळ्या बसविल्याचा महिना आणि वर्ष लिहिण्याची एक ओळ घालण्यास कोणता कायदा आड येतो? चांगल्या नळीवर निर्मितीची तारीख बहुधा छापलेली असते, तेव्हा खोटे लिहिणे सोपे नाही. कंपनीच्या पुस्तिकेत मुदत दिली असेल ती पाळावी; नसेल तर संस्थेने सहा वर्षे ठरवावीत. सहा हा आकडा शास्त्राचा नाही, हिशेबाचा आहे: तीन नळ्यांचा खर्च सहा वर्षांत वाटला तर दर महिन्याचा वाटा एका वेळच्या चहापाण्याइतका होतो. तो भाड्याच्या बिलात वेगळा दाखवून संस्थेनेच द्यावा. मालक नको म्हणणार नाही, मिस्त्रीवर संशय राहणार नाही, आणि संस्थेला आपल्या दुधाच्या कॅनांमागे काय बांधलेले आहे हे कळेल.

जे मालक कोणत्याही संस्थेशी बांधलेले नाहीत, आणि भाजीच्या गाड्यांत असेच अधिक आहेत, त्यांच्यासाठी पंचांगात एक दिवस आधीच नेमलेला आहे. खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा होते, दसऱ्याला गाडी धुतली जाते, बंपरला झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. तोवर पावसाळ्याचा चिखल संपलेला असतो आणि उसाचा हंगाम सुरू व्हायला थोडा अवकाश असतो. गाडी तशीही त्या दिवशी उभी असते, पाण्याची बादली जवळ असते, घरातले एक पोर पायटा दाबायला मोकळे असते. त्याच बादलीच्या पाण्याने चाकामागची नळी धुऊन पाहिली, आणि बदलावी लागलीच तर दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी सकाळी गाडी बारामतीच्या गॅरेजात लावली, तर दुपारनंतर ती मोकळी होते. भाजी भरायची असते ती संध्याकाळी. एकही खेप बुडत नाही.